मंडळी कुणाची, चाव्या कुणाच्या

घाटकोपरच्या डोंगरउतारावर आमची वस्ती. तिथं एकाच गल्लीत दोन घरं आहेत. आडनाव एक, गाव एक, नेवासे तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात दोन्ही घरं एकाच एस.टी.नं मुंबईला आली. एका घरात बुद्ध आणि बाबासाहेब. दुसऱ्या घरात येशू, आणि त्याच्या शेजारी बाबासाहेब. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला दुसऱ्या घरची म्हातारी दरवर्षी पाण्याचा पिंप भरून दारात ठेवते. गेल्या खेपेला आपल्यातलाच एक पोरगा, चांगला शिकलेला, पेला हातात घेतला आणि परत ठेवला. म्हणाला, ह्यांचं कशाला, हे गोऱ्यांच्या गव्हाला बाटलेले.

महाडचं नाव घेत निघालेल्या मिरवणुकीत आपला पोरगा पाणी नाकारतो. मी म्हातारीची माफी मागायला गेलो तर ती हसली. म्हणाली, "आरं, तुजी पणजी अन् माजी आजी चुलतभणी. बाटलं कोण अन् कशापायी, ते ईचार की आदी."

विचारलं पाहिजे. त्यात त्यांच्या मंडळीचा एक अर्जही आपल्या मंडळापुढे येऊन पडलाय, त्याचं शेवटी सांगतो. आधी इतिहास.

उपनगरात ख्रिस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं वांद्रे-अंधेरी-बोरिवलीचे कॅथलिक येतात. ते पोर्तुगीजांच्या अमलातले, सोळाव्या शतकापासूनचे. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यावर चर्च चढलं ते त्याच अमलात. त्यांचा इतिहास वेगळा. आपल्या गल्लीतले, भांडुप-मुलुंड-विक्रोळीच्या चाळींतले मराठी ख्रिस्ती बहुतेक प्रोटेस्टंट. नगर, जालना, सोलापूरकडून पोटामागं आलेले. त्यांच्या भाषेत चर्च म्हणजे इमारत, आणि माणसांचा जमाव म्हणजे 'मंडळी'. हा शब्दातला फरक ध्यानात ठेवा, कारण सगळी गोम तिथंच आहे. इमारत कुणाची आणि मंडळी कुणाची, हाच ह्या धर्माच्या दोनशे वर्षांच्या मराठी इतिहासाचा वाद आहे.

फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन मुंबईत उतरले. बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डानं त्यांना धाडलं होतं. कंपनी सरकारला ते नको होते, बोटीत घालून परत पाठवायची तयारी चालली होती. मिशनरी म्हणजे साम्राज्याचा हस्तक, असं एका वाक्यात उरकून टाकणाऱ्या मित्रांनी हे ध्यानात घ्यावं. साम्राज्याला आधी व्यापार पाहिजे होता, आणि व्यापाराला बामण-बनिया खूश पाहिजे होता. त्याच वर्षी विलायतेत कंपनीची सनद बदलली, मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली, म्हणून हे टिकले. त्यांनी छापखाना घातला, शाळा काढल्या, १८२६ ला मराठी नवा करार छापला. त्या छापखान्यात हात बसवून पुढं गणपत कृष्णाजींनी आणि निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी मराठी छपाई उभी केली, हा त्यांचा मोठाच उपकार. पण माणसं? माणसं मिळाली नाहीत. हॉल १८२६ ला नाशिककडच्या वाटेवर पटकीनं मेला. तोवर हाताच्या बोटांवर मोजावीत एवढेही मराठी लोक मंडळीत नव्हते.

का नव्हते? कारण ते चुकीच्या दारात उभे होते. बामण आधी वाकला की बाकी समाज आपोआप वाकेल, असं त्यांचं गणित. १८३१ मध्ये ते नगरला गेले (आजचं अहिल्यानगर), १८३३ मध्ये तिथं मंडळी स्थापन झाली. तिथल्या गरीबखान्यातले लुळे-पांगळे, महारोगी, निराधार लोक सुरुवातीच्या उपासनांना बसायचे. पण १८३६ मध्ये न्यूयॉर्कला पुस्तक छापून निघालं ते कुणाचं? बाबाजी नावाच्या ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाचं चरित्र. हॉलिस रीड ह्या मिशनऱ्यानं लिहिलेलं. बाबाजी चांगला माणूस असेल, त्याच्याशी आपलं भांडण नाही. पण त्याच्या शेजारी बसलेल्या पांगळ्यांपैकी कुणाचं चरित्र झालं नाही.

मुंबईत १८४३ ला तर कहरच. स्कॉटिश मिशनच्या शाळेतला नारायण शेषाद्री हा ब्राह्मण मुलगा ख्रिस्ती झाला, त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडं राहिला. प्रकरण कोर्टात गेलं, श्रीपत बापाच्या ताब्यात आला, मग त्याला जातीत परत घ्यावं की नाही ह्यावर सगळी मुंबई पेटली. बाळशास्त्री जांभेकर परत घ्यावं म्हणाले, तर सनातनी त्यांच्यावर उठले. एका पोरासाठी एवढं रण! पुढच्या पन्नास वर्षांत हजारो महार-मांग बाप्तिस्मा घेऊन गेले. त्यांना परत घ्या म्हणून कुणी सभा भरवली? परत घ्यायला ते आत होतेच कुठं.

म्हातारीच्या आज्याची गोष्ट इथून सुरू होते. १८५० च्या आसपास नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यांत हे वारं शिरलं, आणि ते गोऱ्या साहेबाच्या घोड्यावरून आलं नाही. साहेब वर्षातून एकदा तंबू ठोकून दोन दिवस राहायचा. वारं आलं सोयऱ्या-धायऱ्यांतून. महार म्हणजे गावाचा वेसकर, सांगावा नेणारा, वाटाड्या, सरकारी बोजा पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवणारा. त्याच्याइतकी वाट कुणाला माहीत नव्हती. ज्या पायवाटेनं तो वेठीचं ओझं वाहायचा त्याच पायवाटेनं त्यानं ही नवी गोष्ट नेली. लग्नात, मयतीला, जत्रेत. कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी १८६० नंतर टाळ-मृदंगावर ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, तेव्हा तर रात्र-रात्र माणूस हलायचा नाही. हा धर्मप्रसार ज्यांनी केला त्यांची नावं बॉस्टनच्या अहवालात सहसा 'नेटिव्ह हेल्पर' एवढीच उरली.

आणि मास्तर. महारवाड्यातली शाळा, एक खोली, एक फळा, मास्तर स्वतः महार किंवा मांग. सकाळी मुलं, रात्री मोठी माणसं, रविवारी उपासना. गावातली सवर्ण पोरं तिथं शिवाशिवीच्या भयानं फिरकत नसत, त्यामुळं शाळा आपसूक आपली झाली. पेशवाई बुडून पुरती चाळीस वर्षंही झाली नव्हती आणि मांगाचं पोर अक्षर गिरवत होतं. त्याच काळात, १८५५ मध्ये, जोतिरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे ह्या चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीचा निबंध मिशनच्या 'ज्ञानोदया'नं छापला. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. तिला धर्मच नव्हता, आणि तेच तर तिनं देवाला विचारलं. 'ज्ञानोदया'नं ते छापलं, हे त्यांच्या खात्यावर जमा धरलंच पाहिजे.

आता खर्चाची बाजू. १८५४ च्या अखेरीस बॉस्टनहून बोर्डाचा सेक्रेटरी रूफस अँडरसन हिंदुस्थानात आला. हा माणूस डोक्यानं तल्लख. त्याचं म्हणणं, मिशन म्हणजे बांधकामाची परांची. इमारत उभी राहिली की परांची उतरवायची. देशी मंडळीनं आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा, आपला प्रसार आपण करावा. स्वशासन, स्वावलंबन, स्वप्रसार. विलायतेत हेन्री व्हेन हेच सांगत होता. 'राष्ट्रीय चर्च' ही कल्पना जन्मली ती इथं, काँग्रेसच्या तीस वर्षं आधी. ऐकायला इतकी सुंदर की आजही आपण आपल्या चळवळीसाठी उचलावी.

घडलं काय ते बघा. अँडरसनच्या भेटीनंतर मिशननं मुंबई-नगरच्या आपल्या इंग्रजी शाळा बंद केल्या. कारण, इंग्रजी शिकलेला पोरगा खेड्यात पाळक होत नाही, कचेरीत कारकून होतो. खरंय, होतो. बामणाचा पोर सरकारी शाळेत जाऊन झालाच कारकून. महाराच्या पोराला सरकारी शाळेचं दार १८५६ मध्ये धारवाडला बंदच झालं होतं. त्याला मिशननं मराठीपुरतं शिकवलं आणि खेड्यात बसवलं. स्वावलंबनाच्या नावाखाली शिडीची वरची फळी काढून घेतली. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणतात. आमच्या म्हातारीच्या आज्याला ते दूध हिशेबात बसत नाही म्हणून मिळालं नाही.

आणि स्वशासन? १८५४ मध्येच नगरच्या मंडळ्यांवर पहिले देशी पाळक नेमले. हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक. दोघंही ब्राह्मणाघरचे. दोघांनीही जात सोडताना सोसलं, वाळीत पडले, हे मान्य. पण वाड्या-वस्त्यांवर मंडळी वाढवणारा महार, आणि मंडळीचा पहिला धनी ब्राह्मण, हे चित्र राष्ट्रीय चर्चच्या पहिल्याच पानावर उमटलं. जालन्याला तेच. आधी सांगितलेले नारायण शेषाद्री तिकडं गेले, सालारजंगाकडून जमीन मिळवली, बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. गाव भरलं मांगांनी. शेषाद्री अमेरिकेत जाऊन गाजले. मांगांची नावं शोधायची तर आज जालन्याच्या दफनभूमीतले दगड वाचावे लागतील.

एक गोष्ट मात्र चर्चनं केली जी गावानं कधी केली नसती. प्रभुभोजनाचा पेला एक ठेवला. महार आणि मांग, आणि एखादा असेल तर ब्राह्मण, सगळ्यांनी एकाच पेल्याला ओठ लावायचे. महारानं मांगाच्या उष्ट्याला तोंड लावायचं, हे आपल्याच लोकांना जड गेलं, खोटं कशाला बोला. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रां'त स्वतःची शिवाशिव सुटताना झालेली ओढाताण उघड लिहिली आहे. तेवढा प्रामाणिकपणा आपल्यातल्या किती जणांत आहे? पेला एक झाला, लग्नं मात्र जातीतच राहिली. महाराची पोरगी महार ख्रिस्त्याला, मांगाची मांगाला. आज बौद्ध म्हणवणाऱ्या आपल्या वधू-वर मेळाव्यांत जाऊन बघा, आणि मग त्यांच्याकडं बोट करा.

त्या पोराच्या 'गव्हा'बद्दल. १८७६ ते ७८ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ असे होते की माणसं झाडाचा पाला उकडून खायची. मिशननं धान्य वाटलं, अनाथ पोरं सांभाळली, तिथं भरती वाढली. लपवायचं काय त्यात? सवर्णानं विहिरीवर येऊ दिलं नाही, बलुतं दिलं नाही, आणि ज्यानं भाकर दिली त्याच्या देवाला हात जोडला तर ती लबाडी? १८७७ मध्ये जोतिरावांनी धनकवडीला अन्नछत्र चालवून उपाशी पोरं जगवली. त्या पोरांतली काही मोठेपणी सत्यशोधक झाली असतील तर त्यांना आपण खिचडीला बाटलेले म्हणणार आहोत काय?

पण त्या मदतीतून एक रोग लागला, तो आपण ओळखला पाहिजे. पगार बॉस्टनहून. मास्तराचा, पाळकाचा, बायबल-बाईचा. ज्याच्या हातात पगार त्याच्या हातात तोंड. मास्तर साहेबाला 'मायबाप' म्हणायला शिकला, पाटलाला म्हणत होता तसंच. मंडळीनं मूठ-मूठ धान्य गोळा करून स्वावलंबी व्हावं, असं साहेब प्रवचनात सांगायचा आणि बंगल्यात राहायचा. नारायण वामन टिळकांना हे बोचलं. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेला हा कवी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून मोकळा झाला, त्यानं 'देवाचा दरबार' काढला. परक्या बोर्डाचा नसलेला, इथल्या मातीचा ख्रिस्तभक्तांचा मेळा. १९१९ ला टिळक गेले आणि दरबार विरला. मला टिळकांबद्दल आदर आहे, पण एक शंका फिटत नाही. त्यांचं 'इथलं' म्हणजे अभंग, भक्ती, पंढरीची वाट. ज्या महाराला पंढरपूरच्या देवळात १९४७ पर्यंत पाऊल टाकता आलं नाही, चोखोबाच्या पायरीवरूनच मागं फिरावं लागलं, त्याचं 'इथलं' काय? राष्ट्रीय चर्चच्या चर्चेत गोरा की देशी एवढाच सवाल असायचा. देशी म्हणजे कोणता देशी, हे कुणी विचारत नव्हतं.

विचारलं बाबासाहेबांनी. येवल्याची घोषणा १९३५ ची. नंतर मेथडिस्ट बिशप पिकेटसारखे लोक त्यांना भेटत होते. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत ते बोलले, 'जनते'त वृत्तांत आला. बुद्ध आणि ख्रिस्त ह्या दोघांचं आपल्याला आकर्षण आहे, हे त्यांनी सांगितलं. आणि लगेच कान पिळले. दक्षिणेत ख्रिस्ती लोक चर्चमध्येसुद्धा जातवार बसतात. तुम्ही शिकलात, पण समाज म्हणून अन्यायाविरुद्ध उभे राहिला नाहीत, राजकारणात तुमचा आवाज नाही. त्यांचे ह्या विषयावरचे इंग्रजी लेख त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत, १९८९ मध्ये सरकारच्या पाचव्या खंडात आले. तरुणांनी ते वाचावेतच. मिशनऱ्यांनी आधी ब्राह्मणामागं वेळ घालवला, शाळा-दवाखान्यांचा मलिदा सवर्णांनी खाल्ला, आणि बाटलेल्या अस्पृश्याची स्थिती सुधारावी म्हणून झगडा झाला नाही, अशी ती फिर्याद आहे. फिर्याद मिशनवर आणि मंडळीच्या मवाळपणावर आहे. म्हातारीवर नाही.

पुढचा पट भराभर. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या मिळून उत्तर हिंदुस्थानचं संयुक्त चर्च झालं, त्यात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या आल्या. १९४७ च्या सप्टेंबरात दक्षिणेत एकीकरण झालं. उत्तरेत घासाघीस चालूच. अखेर २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चेस एक होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' जाहीर झालं. अँग्लिकन, संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन वळणाचे मेथडिस्ट. अमेरिकन वळणाचे मेथडिस्ट ऐन वेळी बाजूला झाले. म्हणून मुंबईत आजही दोन घरं वेगळी दिसतात. आणि जागा कोणती? नागपूर! आपल्या १४ ऑक्टोबर १९५६ नंतर चौदा वर्षांनी, त्याच शहरात.

मुद्दाम शेजारी ठेवून बघा. १९५६ ला लोक घरातलं भांडं गहाण टाकून, पांढरं लुगडं नेसून आले. कुठल्या बोर्डाचा पैसा नव्हता, मालमत्तेचा कागद नव्हता, एका माणसाचा शब्द आणि लाखोंचे पाय होते. १९७० ला चाळीस वर्षांच्या वाटाघाटी, घटना, बिशप, आणि कागदच कागद. मिशननं इमारती दिल्या, ट्रस्ट दिले, आणि त्याबरोबर भांडणं दिली. ब्रदरन चर्चच्या गुजरातमधल्या मिळकतीवर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की चर्च एकत्र झाली म्हणून नोंदलेल्या ट्रस्टची मालमत्ता आपोआप नव्या चर्चची होत नाही. परांची उतरली, पण इमारतीच्या चाव्यांसाठी कोर्टाच्या पायऱ्या. आपण मात्र फार छाती फुगवू नये. आपल्याकडं इमारती कमी म्हणून भांडणं कमी, एवढंच. जिथं विहाराला चांगली जागा मिळाली तिथं किती गट पडले, हे ज्याचं त्यानं आठवावं.

ह्या दोन घरांच्या मधली खरी भिंत मात्र चर्चनं बांधली नाही, सरकारनं बांधली. १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. अनुसूचित जातीचा म्हणून हिंदूच. १९५६ मध्ये सगळे दलित शीख आले. आपण बौद्ध १९९० पर्यंत केंद्राच्या दारात ताटकळलो, चौतीस वर्षं! ख्रिस्ती अजून बाहेर. १९८५ मध्ये मद्रासच्या रस्त्यावर बसून चपला शिवणाऱ्या सूसाई नावाच्या ख्रिस्ती चांभाराला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, धर्म बदलल्यावरही तुझा छळ तेवढाच राहिला हे आधी सिद्ध कर. चपला शिवणाऱ्यानं सिद्ध करायचं! २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं ही धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली, ती बासनात. २०२२ मध्ये आणखी एक आयोग, न्या. बालकृष्णन यांचा. १९५६ ते १९९० जे आपण भोगलं ते ते अजून भोगताहेत. 'वाटेकरी वाढतील' ही भीती मी आपल्या बैठकांत ऐकलीय. १९९० च्या आधी हेच वाक्य आपल्याबद्दल बोललं जात होतं.

आता तो अर्ज. त्यांची मंडळी म्हणजे तीस-पस्तीस माणसं. नर्सबाया, सफाई खात्यातले दोघं-तिघं, कंपनीतून निवृत्त झालेले म्हातारे. शहरातल्या जुन्या दगडी चर्चपर्यंत दर रविवारी लोकलनं जाणं म्हाताऱ्यांना झेपत नाही. म्हणून ते एका शाळेची खोली भाड्यानं घेऊन उपासना करायचे. शाळेची चावी वॉचमनकडं. तो यायचा तेव्हा यायचा. पावसात बाया पोरं कडेवर घेऊन फाटकाबाहेर उभ्या. गेल्या महिन्यापासून शाळेनं खोली द्यायचं बंद केलं, कारण सांगितलं नाही. त्यांनी मंडळाला लिहिलंय, पावसाळ्याचे चार महिने रविवारी सकाळी दोन तास विहाराचा हॉल मिळावा, विजेचे पैसे देऊ. अर्जाखाली तीस सह्या आहेत, दोन अंगठे आहेत. त्यातला एक म्हातारीचा. मास्तराची नात, आणि अंगठा.

बैठक येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता विहारात आहे. पेला परत ठेवणारा पोरगा कार्यकारिणीत आहे, तोही येणार आहे. हॉलची चावी सध्या माझ्या दाराच्या खिळ्याला आहे.